बीज, शेत आणि परभणीच्या लेकी

परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या शंभर बायकांपैकी ४८ जणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला हा आकडा. महाराष्ट्राची सरासरी २१.९ टक्के होती, परभणीची तिच्या दुपटीहून जास्त. राज्यातली पाहणी मुख्यतः २०१९ मध्ये झाली, त्यामुळे लॉकडाउनवर खापर फोडायचीही सोय नाही.

असा आकडा आला की ‘अडाणीपणा’ हे उत्तर तयार असतं. लीला दुबे यांचं संशोधन वाचणाऱ्याला मात्र ते पुरत नाही.

दुबे (१९२३–२०१२) माहेरच्या आंबर्डेकर, शास्त्रीय गायिका सुमती मुटाटकर यांची धाकटी बहीण. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्या सीमेवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या १९७१ च्या समितीतही त्या होत्या. परभणी हा काही त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता. पण कुटुंबात मुलगी कोणाची, तिचे कष्ट कोणाचे आणि तिची कूस कोणाची, हे त्यांचे प्रश्न परभणीतल्या गंगाखेड–पालमच्या कुठल्याही वाडीवस्तीवर विचारता येतात.

१९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी बीज आणि शेत या जुन्या कल्पनेची चिकित्सा केली. पुरुष बी पेरतो, बाई म्हणजे जमीन. पीक ज्याचं बी त्याचं, आणि जमिनीचा मालकही तोच. ही नुसती उपमा नाही, हा हक्कांचा हिशेब आहे, असं दुबे दाखवतात. मूल बापाच्या कुळाचं ठरतं, आणि जी स्वतःच शेत ठरली तिला शेताची मालकी कुठून मिळणार? महाराष्ट्रानं १९९४ मध्येच लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा दिला. तरीही भावाशी संबंध तुटू नयेत म्हणून हक्कसोड पत्रावर सही करणाऱ्या बहिणी गावोगावी भेटतात.

हे सारं निसर्गानंच ठरवून दिलंय, असं म्हणणाऱ्यांना दुबे लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटावर नेतात. तिथल्या मुस्लिम समाजावरचं त्यांचं पुस्तक १९६९ चं. तिथे घराणं आईकडून चालतं. लग्नानंतर बायको आपल्याच घरी राहते, नवरा रात्री तिच्याकडे येतो आणि मुलं आईच्या घराण्याची होतात. लेकीची ‘पाठवणी’ करायचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे तो प्रश्न मुलीच्या जन्मापासून घरात असतो. हिंदू मुलींच्या जडणघडणीवरच्या १९८८ च्या लेखात दुबे यांनी सण, विधी, म्हणी, खाणंपिणं, कामाची वाटणी अशा रोजच्या गोष्टी तपासल्या. आज ना उद्या परक्या घरी जायचंय, हे मुलीच्या मनावर त्यातूनच ठसतं. ती वयात आली की बसणं, हसणं, बाहेर जाणं यांवर नजर ठेवली जाते. तिच्या लैंगिकतेची राखण ही घराच्या अब्रूची राखण होते.

मग ही राखण करणारेच सहा महिने गावात नसतील तर?

गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती ‘कोयत्या’ला, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, त्याची उचलही तशीच. फडावर राहायला पाचटाची खोपी, न्हाणीघराला आडोसा नाही. वयात आलेली लेक सोबत नेली तर तिथली भीती, गावी म्हाताऱ्या आजीपाशी ठेवली तर गावातली. सातवी-आठवीनंतरची शाळा लांब असली की शिक्षणही सुटतं. लग्न लावलं की आईबापाची काळजी मिटते, आणि सासरच्या घरात नवा कोयता उभा राहतो. ऊसफडाच्या हिशेबात मुलीचं वय अठरा असण्यापेक्षा तिनं मोळी उचलणं महत्त्वाचं.

म्हणूनच ऐन हळदीत जाऊन लग्न थांबवणं एवढ्यानं भागत नाही. २००६ च्या कायद्याखाली ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, आणि १०९८ या क्रमांकावर कुणालाही कळवता येतं. पण थांबवलेल्या लग्नातली मुलगी पुढच्या हंगामात राहणार कुठे? या प्रश्नाला थेट भिडणारी योजना राज्यानं २०२१ मध्ये मंजूर केली : ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. परभणी जिल्ह्याचाही त्यात समावेश आहे.

लग्न होऊनच गेलं तर वाट अवघड होते. बालविवाह सहसा आपोआप रद्द ठरत नाही. तो रद्द करून घ्यायला सज्ञान झाल्यावर दोन वर्षं पूर्ण होण्याआधी त्या मुलीला न्यायालयात जावं लागतं. तोवर बहुधा तिला मूल झालेलं असतं. उचल नवऱ्याच्या हाती पडलेली असते, माहेरच्या सातबाऱ्यावर भावाचं नाव असतं, आणि वकिलाच्या फीचे पैसे मात्र तिनं उभे करायचे असतात.