हवेचा एकच गुण

सात वर्षांत जेमतेम नऊ हजार किलोमीटर धावलेल्या आपल्या मोटरहोमचे टायर, नक्षी अद्याप कोरी करकरीत असताना, बदलावयास सांगणारा मेकॅनिक आपल्याला लुबाडीत तर नाही ना, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले असल्याने ही शंका यापुढे अनेकांना पडेल. सबब तिचा जरा विस्ताराने विचार करू.

आपले नेहमीचे घर जोत्यावर उभे असते, आणि हे घर उभे असते हवेवर. गाडीचा भार मुख्यतः टायरात कोंडलेली हवा पेलते, हे मर्म हेरून रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली, अवघा तेवीस वर्षांचा असताना, हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले आणि १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये, रबर चढविलेल्या कापडी नळीवर चामड्याचे वेष्टन घातलेली अशी चाके घोडागाडीला बसवून लोकांना दाखविली. पण मोटार जन्माला यावयाची होती, आणि थॉमसनचे चाक विस्मृतीत गेले. १८८८च्या सुमारास डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली. त्याचे पेटंट थॉमसनच्या जुन्या दाखल्यामुळे पुढे अवैध ठरले, तरी कीर्ती मात्र डनलॉपच्याच खाती जमा झाली. थॉमसन १८७३ सालीच निवर्तला होता. त्याचे नाव आपल्या शाळकरी मुलांच्याही कानी पडू नये, याची मला मनापासून हळहळ वाटते.

हवा दाबली की आखडते व सोडली की पूर्ववत होते. या गुणावर टायर चालतो. मात्र ती घराच्या वजनाच्या मानाने भरलेली हवी, आणि पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर व सामानसुमान चढविल्यावर ते वजन किती भरते, हे वजनकाट्यावर गाडी नेल्यावाचून कळत नाही. हवा कमी पडली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर वाकते, आतून तापते, आणि भर वेगात फाटते. हवा तपासावी ती सकाळी, टायर थंड असताना.

आता वाचकाच्या मूळ शंकेकडे वळतो. हवेतील ओझोनपासून रक्षण व्हावे म्हणून रबरात मेण व अन्य रसायने मिसळलेली असतात, आणि टायर धावताना लवतो तेव्हा ती पृष्ठभागावर झिरपत राहतात. महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीला हे कवच पुरेसे लाभत नाही. टायरच्या बाजूवर अंगठा दाबून पाहावे. उन्हाने भेगाळलेल्या शेतासारख्या बारीक चिरा दिसल्या, तर नक्षीच्या भरवशावर राहू नये. तेथेच चार आकडे कोरलेले असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालातील पस्तिसावा आठवडा. टायरचे वय तेथून मोजावे. बहुतेक काळ उभ्याच राहिलेल्या गाडीच्या टायरला सात वर्षे पुष्कळ झाली. मेकॅनिकचा सल्ला, तेव्हा, रास्त आहे.

परंतु जो गुण चाकात तारक, तोच ब्रेकच्या नळीत मारक ठरतो. चार टनांची गाडी खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिने नळाचे साठ लिटर पाणी, म्हणजे तीस लिटरचे दोन बंब, उकळतील! ती सारी ब्रेकवर टाकली, तर चाकाजवळील ब्रेक ऑइलही उकळीस येते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत तग धरते. पण ते हवेतील दमटपणा शोषून घेते आणि ओलावल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरू शकते. द्रव आखडत नाही म्हणून पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचतो. त्याची वाफ झाली की ती हवेसारखीच आखडते, आणि पायडल मऊ लागून खाली जाते.

म्हणून ब्रेक ऑइल, गाडी फिरलेली असो वा नसो, साधारण दोन वर्षांच्या मुदतीने बदलावे, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक उताराच्या माथ्यावरच अमलात आणावा. दोन बंबांतील बरीचशी धग मग इंजिन आपल्या अंगावर घेते, आणि मागे निजलेली मुले सुखरूप कोकणात उतरतात.