दोन जिल्हे, ग्रॅमभर हुकूम

हिवाळ्यात जळगावकडच्या शेतात भरीत-पार्टी ठरली की आधी कपाशीच्या वाळल्या काड्या गोळा होतात. बामणोद-आसोद्याकडची मोठाली हिरवट-पांढुरकी वांगी त्यांच्या जाळावर सालं करपेपर्यंत भाजायची, सोलून ठेचायची. मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात न आखडता तेल. सोबत कळण्याच्या पुऱ्या. या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुपारी हे भरीत हाणलेला माणूस रात्री ताटावर बसायला तयार नसतो, ते मात्र पोटातल्या काही पेशींचं काम.

जठर मिनिटाला साधारण 2 ते 3 कॅलरींचं अन्न पुढे सोडतं. ताट हजार कॅलरींचं धरा. भरपूर तेलाच्या भरिताला आणि पुऱ्यांना हे काही जास्त नाही. तीनच्या वेगानेही जठर रिकामं व्हायला साडेपाच तास लागतात. जठराच्या भिंतीवर मिनिटाला तीन लाटा उठतात, म्हणजे तेवढ्या वेळात हजारभर. लाटेमागे एक कॅलरी! घनपदार्थाचा कण दळून एक-दोन मिलिमीटरचा झाल्याशिवाय खालचं दार बहुतेक त्याला सोडत नाही.

हा वेग ठरवतं कोण? जठर नव्हे, त्याच्या पुढचं आतडं. तेल आणि प्रथिनं तिथे पोचली की अस्तरातल्या काही पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतात. त्यासरशी जठराचा वरचा भाग सैलावतो, खालचं दार आवळतं, पित्ताशय पिळलं जातं. लाटांचा ताल स्नायूंमधल्या वेगळ्याच पेशी धरतात. संप्रेरकं मुख्यतः लाटेचा जोर कमी-जास्त करतात.

आता खरी चक्रावणारी गोष्ट, प्रमाणाची. जेवणानंतर लिटरभर रक्तद्रवात हे संप्रेरक साधारण 5 पिकोमोल धरू. त्याच रक्तात साखर लिटरला 5 मिलिमोल. म्हणजे संप्रेरकाच्या एका रेणूमागे साखरेचे शंभर कोटी! तांबड्या पेशी एका मिलिलिटर रक्तात 500 कोटी असतात. हिशेब केला तर तीन पेशींमागे या संप्रेरकाचा जेमतेम एक रेणू पडतो, आणि त्यातल्या प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे रेणू 27 कोटी.

हिशेब आणखी ताणू. 2011च्या जनगणनेत जळगाव जिल्हा 42 लाखांवर आणि धुळे 20 लाखांवर होता. या सगळ्या 62 लाखांना, तान्ह्या बाळांनाही मोठ्यांत धरून, एकाच दुपारी भरीत वाढलं, माणशी तीन लिटर रक्तद्रव धरला आणि 33 अमिनो आम्लांच्या साखळीचं वजन लावलं, तर दोन्ही जिल्ह्यांच्या रक्तात मिळून हे संप्रेरक अर्ध्या ग्रॅमच्या आत भरतं. माप दुप्पट केलं तरी ग्रॅम होत नाही. एवढ्याशा मालावर कारभार चालतो कसा? कारण हुकूम फक्त रक्तातून फिरत नाही. ते सोडणाऱ्या आतड्यातल्या पेशीच्या शेजारीच व्हेगस या मज्जातंतूची टोकं असतात. तिथे संप्रेरक रक्तात विरायच्या आधीच, दाट असतानाच पोचतं. अशा संप्रेरक-पेशी अस्तरात शंभरात सुमारे एक. तरी सगळ्या मिळून त्यांना शरीरातली सर्वांत मोठी अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात.

पोट रिकामं असताना अंमल मोटिलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा. अमिनो आम्लं फक्त 22. दर दीड-दोन तासांनी ते रक्तात चढतं आणि जठरापासून जोरदार लाटांची झाडलोट सुरू होते. उरलंसुरलं मोठ्या आतड्याकडे ढकललं जातं. निर्जळी एकादशीला ही फेरी चोवीस तासांत बारा ते सोळा वेळा होऊ शकते. गंमत म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदीर-घुशींच्या वंशात मोटिलिन उरलेलंच नाही. रात्री भिंतीच्या कडेने चिक्‌चिक् करत पळणाऱ्या चिचुंद्रीत आहे! म्हणून जपानी संशोधकांनी मोटिलिनच्या अभ्यासासाठी तिला हाताशी धरलं.

संप्रेरकांच्या या विद्येची सुरुवात 16 जानेवारी 1902ची. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या संशोधकांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याचे मज्जातंतू तोडले, त्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंड पाझरलं. निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि 1905 मध्ये स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला.

आता हाच निरोप कुपीत मिळतो. लहान आतड्याच्या शेवटाकडून मुख्यतः येणारं जीएलपी-1 हे संप्रेरक जठराला ‘दमानं घे’ म्हणतं, पण रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं उरतं. सेमाग्लुटाइड हा त्याचाच घडवलेला भाऊ निम्मा व्हायला आठवडा लावतो, म्हणजे दहा हजारांवर मिनिटं. पाच हजार पट! 2025 मध्ये याच धर्तीची मौंजारो आणि वेगोव्ही ही दोन इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. घरात कुणी ती घेत असेल आणि शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा. रात्रभर उपाशी राहूनही अशा माणसाच्या जठरात अन्न असू शकतं, आणि भुलेत ते उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.