भिजलेली बारा बोर

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाकाठी जेमतेम पाचेकशे मिलिमीटर पाऊस, तोही बराचसा परतीचा. कोकणातल्या माणसाला लोखंड जपायची जी सवय असते ती इथे नाही. इथली परवान्याची बारा बोरची दुनळी बंदूक वर्षानुवर्षं कव्हरात पडून असते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला, सुप्याला तर चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्यच झालं. बंदूक उरली वस्तीच्या राखणीला आणि, खरं सांगायचं तर, मिरवायला. अशा न हाताळलेल्या हत्याराची कसोटी पाणी घेतं. सप्टेंबर २०१९मध्ये कऱ्हा नदीला पूर आला, मे २०२५मध्ये तर ऐन उन्हाळ्यात दोन्ही तालुक्यांत घराघरांत पाणी शिरलं.

पाण्याने बंदूक एका रात्रीत वाया जात नाही. तिला खातो तो क्षार, आणि मालकाचा आळस. क्षाराची गोष्ट इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. नीरेच्या कालव्याखालच्या जमिनी पाणी मुरून मुरून खारावल्या, त्यावर कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१०मध्येच लिहून ठेवलंय. चारीतलं किंवा खाऱ्या विहिरीचं पाणी नळीत गेलं की गंज दुप्पट जोराने धरतो. म्हणून चिखलात पडलेली बंदूक आधी गोड्या पाण्याने धुवायची. भिजलेल्याला आणखी भिजवायचं, हे ऐकून लोक हसतात. पण ठासणीच्या बंदुकाही गरम पाण्यानेच धूत, कारण जळल्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. शिवाय तापलेली नळी आपणच सुकते.

त्याआधीचं काम एकच: नळीचं तोंड मोकळ्या दिशेला धरून बंदूक उघडायची आणि काडतुसं काढायची. नळीत चिखल असताना बार काढला तर नळी फाटते. मग नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड असे तीन भाग सुटे करायचे. धुऊन झालं की गजाला कोरडी चिंधी लावून ती मागून पुढे फिरवायची, स्वच्छ निघेपर्यंत. दोन नळ्यांमधल्या पट्टीखाली पाणी लपून बसतं. ते दिसत नाही, पण आतून खातं. म्हणून नळ्या तोंड खाली करून उभ्या ठेवायच्या. घोडा-चापाच्या पेटीत पाणी गेलं असेल तर घरच्या पेचकसाने ती उघडू नये. परवानाधारक कारागिराकडे न्यावी, परवाना सोबत घेऊन.

तेलाच्या बाबतीत मात्र भलेभले चुकतात. घरात करडईचं तेल हाताशी असतं, तेच फासलं जातं. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं. हवेत त्यांचा चिकट पापुद्रा होतो आणि कळ अडकते. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडाला उत्तम, लोखंडाला वाईट. लोखंडाला खनिज तेल हवं. बंदुकीचं नसलं तर शिलाई मशीनचं चालेल, तेही पुसट. जास्त झालं तर ते दस्त्याच्या मानेत मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. फवाऱ्याच्या डब्यातलं गंजरोधक द्रव्य पाणी हटवतं, पण टिकत नाही. त्यावर तेलाचा हात हवाच. दस्ता सावलीत वाळू द्यावा. चुलीशी ठेवला तर तडकतो.

काडतुसांचा मोह सोडावा. जुनी कागदी काडतुसं भिजली की फुगतात आणि नळीत अडकतात. प्लॅस्टिकची वरून कोरडी दिसतात, आतलं कळत नाही. उन्हात किंवा तव्याजवळ वाळवायची तर मुळीच नाहीत. बाजूला काढून परवानाधारक विक्रेत्याला विचारावं. रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यावरची दारू आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मोहरबंद करायला सांगितलं आहे. ती सुटी दारू होती आणि राखणाऱ्यांचा तो नेहमीचा व्यवहार होता. आजच्या काडतुसाला तो नियम लावू नये. देखरेखीची शिस्त तेवढी घ्यावी.

आणखी एक ओल बारामतीकरांच्या नशिबी वारंवार येते, ती आचारसंहितेची. निवडणूक लागली की छाननी समिती सांगेल त्याची बंदूक ठाण्यात जमा होते. २०२४च्या मेमध्ये लोकसभा झाली आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा. दुसऱ्या वेळी जमा करायचे दिवस पावसाळा सरता सरताचेच. रेक्झिनच्या कव्हरात घालून दिलेली बंदूक निवडणुकीनंतर परत मिळते तेव्हा कव्हराने धरलेला दमटपणा नळीवर तांबूस ठिपके उमटवून गेलेला असतो. दोष ठाण्याचा कमी, कव्हराचा जास्त. जमा करण्यापूर्वी आत-बाहेर तेल लावा, कव्हर शक्यतो टाळा, पावतीवर क्रमांक नीट तपासा. परत मिळाल्यावर खुंटीला टांगण्याआधी नळी उजेडाकडे धरून एकदा आरपार बघा. आणि पुरात बंदूक वाहून गेलीच, तर शोधत बसण्याआधी ठाण्यात वर्दी द्या.