एकवीस वळणांचा चढ

सरचूहून सकाळी निघालं की पहिले वीसेक किलोमीटर रस्ता फसवतो. त्साराप नदीच्या कडेने जवळपास सपाट जातो, सकाळी वाराही पडलेला असतो, आणि सिंहगडाच्या घाटात कसलेल्या पायांना वाटतं, आज जोर लावू. तिथेच आवरायचं. नदी सुटते आणि समोर गाटा लूप्स उभे राहतात, एकावर एक चढत गेलेली २१ वळणं.

मनाली-लेह रस्त्यावरचा सायकलवाल्यांचा खरा दिवस हाच. रोहतांगचं (३,९७८ मीटर) नाव मोठं, टांगलांग ला (५,३२८ मीटर) उंचीने मोठा. पण सरचू ते पांग या टप्प्यात आधी नकी ला, मग व्हिस्की नाल्यापर्यंत उतार आणि लगेच पाच हजारांवरचा लाचुलुंग ला. एकाच दिवसात, तेही आदल्या रात्री ४,२०० मीटरच्या वर तंबूत अर्धवट झोपून. मनालीच मुळी कळसूबाईपेक्षा उंच, तेव्हा सह्याद्रीतला सराव पायांना उपयोगी पडतो, फुफ्फुसांना नाही. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर आलेला असतो.

चढायची रीत एकच. पुढे सगळ्यात लहान चकती, मागे सगळ्यात मोठी. दोन पेडलला श्वास आत, दोन पेडलला बाहेर. माणूस भरभर चालत असावा एवढाच वेग. उभं राहून पेडल मारलं की पन्नास मीटर जिंकता येतात आणि पुढची पाच मिनिटं हँडलवर डोकं टेकून धापा टाकाव्या लागतात. वळणावर आतली बाजू फार उभी, म्हणून शक्यतो बाहेरून घ्यायचं. पण वरून ट्रकचा हॉर्न आला की डोंगराच्या अंगाला उतरून थांबायचं. दरीकडची कड भुसभुशीत असते.

वाटेत एका जागी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग लागतो. ट्रक बंद पडून इथे एक क्लीनर तहानेने मेला, अशी गोष्ट ड्रायव्हर सांगतात आणि बाटली ठेवून पुढे जातात. श्रद्धा ठीक आहे, पण एवढं प्लॅस्टिक खाली कोण नेणार?

आमच्यात सगळ्यात हळू चालवणारा पुढे आणि दमदार गडी पंप, ट्यूब, पाने घेऊन शेवटी. उलट केलं तर पुढचा खिंडीत वाट बघत बसतो, घाम गार होतो आणि वाऱ्यात तो कुडकुडायला लागतो. दोस्तीत भांडणं होतात ती बहुतेक अशा थांबण्यावरून. प्रत्येक थांब्यावर एकच चौकशी.

"खाल्लंस का काही?"

"भूकच नाही रे."

एवढं उत्तर पुरे. भूक गेली आणि डोकं ठणकतंय, म्हणजे विरळ हवा बाधायला लागली. मग त्याला पुढे चढवायचं नाही, हे सगळ्यांनी निघतानाच कबूल केलेलं असावं.

कारण या रस्त्याची अडचण न्यारी आहे. हवा बाधली की खाली उतरावं हा पहाडातला साधा उपाय, पण सरचू-पांगच्या पट्ट्यातून खाली जायलाही आधी खिंड चढावी लागते: मागे बारालाचा, पुढे लाचुलुंग आणि टांगलांग. तेव्हा जाणार असाल तर केलाँग किंवा जिस्पाला एक रात्र जास्त काढा. सरचूला डोकं ठणकत उठलात तर सायकल गाडीवर टाका आणि केलाँगला परत या.