शोधप्रणालीतील विन्यासांचा अग्रक्रम

अनेक संगणकांवर विभागून ठेवलेल्या मजकुरात शोध घेणाऱ्या प्रणालीत एकाच बाबीसंबंधी निरनिराळ्या ठिकाणी भिन्न विन्यास नमूद केलेले असल्यास त्यांपैकी कोणता ग्राह्य धरावयाचा, याचा नियम. विन्यास म्हणजे व्यवहारात ज्याला सेटिंग म्हणतात ते. येथील विवेचन इलॅस्टिकसर्च या प्रणालीस अनुलक्षून आहे. २०१० साली प्रथम उपलब्ध झालेली ही प्रणाली ल्यूसीन या शोधसंचावर आधारलेली आहे.

संपूर्ण संगणकसमूहाला लागू होणाऱ्या विन्यासांत तात्कालिक विन्यास सर्वांत प्रबळ असतो. त्याखालोखाल स्थायी विन्यास, नंतर प्रत्येक संगणकावरील विन्यास-फाइल आणि शेवटी प्रणालीचे मूळ मूल्य असा क्रम लागतो. उदा., डिस्क ८५ टक्के भरली की त्या संगणकावर मजकूरविभागांच्या नव्या प्रती ठेवावयाच्या नाहीत, हे मूळ मूल्य होय. चालू समूहास आज्ञा देऊन कोणी ही मर्यादा स्थायी रूपात ७५ केली आणि पुढे दुसऱ्याने फाइलीत ८८ लिहिले, तरी ७५ च लागू राहते. फाइल वाचणाऱ्यास मात्र सर्व यथास्थित दिसते. फाइल संगणकागणिक वेगळी असू शकते, तर आज्ञेने दिलेला विन्यास सर्वांना एकदम लागू होतो. म्हणून फाइलीचे स्थान खालचे. तात्कालिक विन्यास समूह पूर्ण बंद करून सुरू केल्यास नाहीसा होतो, ७.१६ या आवृत्तीपासून त्याचा वापर टाळावा, अशी शिफारस आहे.

शब्दांवरील संस्कारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मजकूर साठविताना शब्दांना एकरूपता देणारा विश्लेषक नेमता येतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावांची सूची देवनागरीत साठविताना हिंदीसाठी तयार केलेली एकरूपीकरणाची गाळणी वापरली, असे समजू. ती ‘नान्देड’चे ‘नांदेड’ करते, तसेच दीर्घ ऊकार ऱ्हस्व करीत असल्याने ‘लातूर’ हा शब्द ‘लातुर’ असा साठविला जातो. शोधाचा शब्दही त्याच गाळणीतून गेल्यास अडचण येत नाही. वेगळे काही न सांगितल्यास तसेच घडते. तथापि शोध-आज्ञेत नमूद केलेला विश्लेषक क्षेत्राच्या विन्यासाहून वरचढ असतो. तेथे सर्वसामान्य विश्लेषक लिहिला गेला, तर ‘नांदेड’ सापडते, ‘लातूर’ सापडत नाही आणि चुकीचा ‘लातुर’ मात्र सापडतो. ऱ्हस्वदीर्घाची चूक पोटात घालण्यासाठी केलेली योजना अशा वेळी शुद्ध लिहिणाऱ्यालाच अडविते. प्रणाली चूक झाल्याचे कळवीत नाही. नोंदी शून्य एवढेच उत्तर येते. एका गावाच्या नावावर चाचणी घेऊन समाधान मानल्यास हा दोष ध्यानातही येत नाही.

यासाठी फाइलीपेक्षा समूहाकडूनच, मूळ मूल्यांसह, सर्व विन्यास मागवून पाहणे इष्ट. नको असलेला स्थायी विन्यास त्यास ‘नल’ हे रिक्त मूल्य दिल्याने निघतो. त्यानंतरच फाइलीतील मूल्य लागू होते. एखाद्या शब्दाचे विश्लेषणानंतर कोणते रूप होते, हे दाखविणारी आज्ञाही प्रणालीत आहे.