छऱ्याची बंदूक आणि करवत

हवेच्या बंदुकीला खेळणे समजणारे एका बाजूला आणि तिला घरात आणलेली तोफ समजणारे दुसऱ्या बाजूला, अशी आपल्या मध्यमवर्गाची सरळ वाटणी करता येते. आमच्या घरात पहिल्या पक्षात माझे मेहुणे आणि दुसऱ्यात आमची सौभाग्यवती. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. माझा पक्ष कोणी विचारलाच नाही.

बंदूक आली ती तेरा वर्षांच्या धाकटीसाठी. सुट्टीत ती नेमबाजीच्या वर्गाला गेली आणि वेड घेऊनच परतली. त्यात आम्ही सांगलीकर, शेजारी कोल्हापूर! तिथल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचे ब्राँझपदक आणले. अशा हवेत मुलीला ‘नको’ म्हणणे अवघड. स्पर्धेच्या बंदुकीची किंमत मात्र लाखांत बोलतात. तेव्हा सरावापुरती म्हणून साधी, स्प्रिंगची बंदूक घेतली.

खोके उघडताच तेलाचा वास माडीभर पसरला. लाकडी दस्ता दिसायला झकास, पण त्याचे दोन स्क्रू बोटांनी फिरावेत इतके ढिले. पहिला बार काढला तर लवंगी फटाक्यासारखा आवाज आणि नळीतून निळसर धूर! सौभाग्यवतींचा पक्ष त्या क्षणी बळकट झाला. वास्तविक हवेच्या बंदुकीत दारू नसते. नळी मध्यावर वाकवली की आतली जाड स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती दट्ट्याला पुढे फेकते, आणि दट्ट्यापुढची हवा दाबली जाऊन छऱ्याला ढकलते. सायकलचा पंप मारताना तो गरम होतो ना, तशीच ही हवाही तापते, पण निमिषात आणि कितीतरी जास्त. कारखान्यात सढळ हाताने ओतलेले तेल त्या उष्णतेने पेटते. धूर तो त्याचाच. वर्गाच्या गुरुजींनी स्प्रिंग दाबून धरणाऱ्या चापात बंदूक उघडून जादा तेल पुसून दिले. हे काम घरी करू नये. सुटलेली स्प्रिंग तोंडावर येते. आम्ही फक्त स्क्रू आवळले. दुसऱ्या दिवशी फटाका नव्हता, नुसता ‘ठप्’.

खरी अडचण निराळीच होती. बंदूक थोराड पुरुषाच्या मापाची. दस्त्याची मागची बाजू कोपराच्या खोबणीत टेकवून हात वर घेतला की तर्जनी चापावर आरामात पोचावी, हा ढोबळ हिशेब. धाकटीचे बोट दीड इंच मागे राहायचे. मग ती मान ताणायची, खांदा उचलायचा, पाच छऱ्यांत दंड भरून यायचा. आठवड्याने म्हणाली, “बाबा, मला नाही जमायचं हे.” बंदूक जमत नव्हती आणि पोर स्वतःला नालायक ठरवत होती! मापाबाहेरचे बूट घालून कोणी शर्यतीत हरले, तर आपण पायांना दोष देतो का?

करवतीचा विषय निघाला तशी घरात चर्चा पेटली. मेहुण्यांचे मत, नवी वस्तू कापणे म्हणजे अवदसा. शेजारचे निवृत्त इंजिनिअर तर उलट टोकाला. ते म्हणाले, “दस्ता राहू द्या हो. आधी जोरदार स्प्रिंग घाला. हिच्यात दम नाही.” त्यांना मी प्राध्यापकी थाटात समजावले की, दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला दम लागत नाही, स्थैर्य लागते. शिवाय कायदा आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर छऱ्याची आणि वीस ज्यूलच्या आतली हवेची बंदूक परवान्यावाचून ठेवता येते. स्प्रिंग बदलून ती मर्यादा ओलांडली, की घरात विनापरवाना शस्त्र आले! आणि आहे तो जोर काय थोडा आहे? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दोनशे मीटर जातो. डोळा जायला तेवढे पुरते. गच्चीतून कावळे-कबुतरे टिपण्याची हौसही आमच्याकडे मना आहे, मेहुण्यांनासुद्धा.

अखेर सुतार आला. दस्त्याच्या मागची रबरी पट्टी काढली, नीट आखून दोन इंच लाकूड उतरवले, कडा पॉलिश पेपरने घासल्या. मग पाव-पाव इंचाच्या प्लायवूडच्या चार चकत्या कापल्या आणि त्यांतल्या दोन लांब स्क्रूंनी मागे बसवून वर पुन्हा रबर लावले. गाल टेकतो तिथे जुन्या चपलेच्या चामड्याचा तुकडा फेव्हिकॉलने चिकटवला, त्यामुळे डोळा आपसूक नेमाच्या रेषेत येऊ लागला. स्पर्धेच्या बंदुकीत दस्ता आणि गालपट्टी हवी तशी सरकवता येते, ती सोय आम्ही अशी गरिबीत साधली.

आमची माडी चौतीस फूट लांब; म्हणजे दहा मीटर बसतात. टोकाला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठासून भरलेली लाकडी पेटी, पाठीमागे पक्की भिंत, खिडक्या बंद, आणि सगळी मंडळी नेमबाजाच्या मागे. छर्रा भरताना वाकवलेली नळी एका हाताने धरूनच ठेवायची, कारण चाप चुकून सुटला तर ती झटक्याने मिटून बोटे चिरडते. सराव संपला की हात साबणाने धुवायचे, छर्रे शिशाचे असतात.

बंदुकीचा स्वभाव मात्र करवतीने बदलत नाही. दट्ट्या सुटताना ती मागे येते, थडकताना पुढे उसळते, आणि छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच ती हललेली असते. घट्ट आवळून धरले तर नेम हमखास चुकतो. उघड्या तळहातावर ती नुसती विसावू द्यायची, दर वेळी त्याच जागी. धाकटीला हे माझ्याआधी कळले. ऑलिंपिकच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदकाची शेवटची गोळी १०.८ची मारली होती. आमचे छर्रे आधी कागदाबाहेर पेटीच्या फळीत रुतायचे. आता पाचांपैकी चार काळ्या वर्तुळात पडतात. दंड दुखत नाही, आणि ‘जमायचं नाही’ हे वाक्य दोन महिन्यांत ऐकू आलेले नाही.

दिवाळीच्या खरेदीत तिच्या फ्रॉकचे माप घेतले तेव्हा ती इंचभर वाढल्याचे दिसले. उरलेल्या दोन चकत्या सौभाग्यवतींनी लाडवाच्या रिकाम्या डब्यात, वर चिठ्ठी लावून, जपून ठेवल्या आहेत.