बरं वाटलं तरी गोळी चालूच

आज आपण बायपोलर आजाराबद्दल बोलणार आहोत. मराठीत याला द्विध्रुवी आजार म्हणतात. नाव अवघड आहे, पण त्याची लक्षणं गटाच्या बैठकीतसुद्धा दिसू शकतात.

या आजाराला दोन टोकं असतात. एक उदासीचं. दोन आठवडे झाले तरी बाई खिन्नच, जेवण नको, बोलणं नको, कधी जगणंच नको वाटतं. दुसरं टोक उन्मादाचं. आठवडाभर दोन-तीन तासच झोपते, तरी थकत नाही. अखंड बोलते, मोठाले बेत करते, कर्ज उचलते, दागिने मोडते, अडवलं की भांडते. तेव्हा आपण म्हणतो, "आता बरी झाली, कामाला लागली," नाहीतर "बाहेरचं झालंय." पण तोही आजारच आहे. म्हणून डॉक्टरांना दोन्ही टोकं सांगायची. उदासीचंच सांगितलं आणि नुसती उदासीवरची गोळी सुरू झाली, तर काहींना उन्माद चढू शकतो.

हा आजार घराण्यात असू शकतो. झोप मोडली की तो उसळतो. आपल्या विट्यात यंत्रमागाची रात्रपाळी असते, लग्नसराईत जागरणं असतात. बाळंतपणानंतरचे दिवसही जपायचे.

यावरचं जुनं औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा गुण दाखवला. रक्तात ते कमी पडलं तर गुण येत नाही, जास्त झालं तर विषबाधा होते. म्हणून रक्त, किडनी आणि थायरॉइड ठरल्या वेळी तपासायचं. उन्हातली खुरपणी, निर्जळी उपास, जुलाब यांनी अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम वाढतं. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही वाढतं, म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही. हात जास्त थरथरले, तोल गेला, उलट्या झाल्या तर लगेच दवाखाना गाठायचा.

व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध पोटातल्या बाळाला धोक्याचं आहे. लग्न ठरताना, मूल हवं असताना आधी डॉक्टरांना विचारायचं. लपवून गोळी बंद करणं सगळ्यात घातक. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. बंद केली की आजार उलटतो, आणि पुष्कळदा घरच्यांना ते उशिरा कळतं.

गट म्हणून आपण काय करायचं? एखादी मैत्रीण अचानक मोठं कर्ज मागू लागली, झोपत नसेल, तर कर्ज थोडं थांबवायचं आणि घरच्यांशी हळूच बोलायचं. तिला खुळी म्हणायचं नाही. सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, सोबत कुणीतरी जायचं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली तर तिला एकटं सोडायचं नाही. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

साखरेची, बीपीची गोळी आपण रोज घेतो. ही गोळीही तशीच, लाज न बाळगता घ्यायची.